वसईचा तह : 67 दिवसांची उलटी गणती

वसईच्या किल्ल्यात पाहुणा आला की वसईकर त्याला 1739 ची गोष्ट सांगतो. सॅन सेबस्तियनचा बुरूज सुरुंगांनी कसा फोडला, चिमाजी आप्पांच्या फौजेने किती महिने दम धरला, फिरंगी अखेर कसा शरण आला आणि इथल्या घंटा नाशिकपर्यंत कशा गेल्या. सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो, ऐकणाराही खूश होतो. त्यानंतर 63 वर्षांनी त्याच वसईत चिमाजी आप्पांच्या थोरल्या भावाच्या नातवाने एका कागदावर शिक्कामोर्तब केलं. तो विषय निघाला की मात्र सांगणारा घड्याळ बघतो.

31 डिसेंबर 1802. शाळेत प्रत्येकाने पाठ केलेली तारीख. वसईचा तह झाला, पेशव्याने तैनाती फौज पत्करली, मराठ्यांच्या सार्वभौम सत्तेचा प्रत्यक्षात शेवट झाला. पाच गुणांचं उत्तर एवढ्यात संपतं. पण तहाचा मजकूर वसईत जन्मलाच नव्हता. त्याचा गाभा पुण्याला, एका लढाईच्या धामधुमीत, काही तासांत ठरून गेला होता. पुढचे दोन महिने बाजीराव पेशवा नुसता त्या कागदाकडे चालत राहिला. त्याला चालायला लावणारा माणूस होता यशवंतराव होळकर. तेव्हा तो बंडखोर होता, आणि पुढे तीनच वर्षांत इंग्रजांशी उभा दावा मांडणारा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा सरदार म्हणून त्याचं नाव पंजाबपर्यंत पोचलं. म्हणून ही गणती हडपसरपासून.

सोमवार, 25 ऑक्टोबर 1802, पहाट. तहाला 67 दिवस.

ऐन दिवाळी. पुण्याच्या पूर्वेला लोणी आणि हडपसरच्या दरम्यान दोन दिवसांपासून होळकरांचा तळ पडलेला. समोर वानवडी-घोरपडीच्या बाजूला शिंद्यांची फौज आणि पेशव्यांची फौज, सदाशिवभाऊ बक्षीच्या हुकमतीखाली. दौलतराव शिंदे स्वतः इथे नाही, तो उत्तरेत आहे. ही गैरहजेरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यशवंतराव या वेळी पंचविशीतला. तुकोजी होळकरांचा मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नव्हे, त्यामुळे वारसाच्या रांगेत शेवटचा. 1797 च्या ऑगस्टमध्ये तुकोजी पुण्यात वारले. महिना पुरा व्हायच्या आत, 14 सप्टेंबरला, दौलतराव शिंद्याच्या माणसांनी भांबुर्ड्याला तुकोजींचा दुसरा मुलगा मल्हारराव याच्या तळावर छापा घातला आणि मल्हारराव मारला गेला. थोरला मुलगा काशीराव शिंद्याच्या मुठीत होता. मल्हाररावाचं तान्हं पोर, खंडेराव, तेही शिंद्याच्या कैदेत गेलं. यशवंतराव निसटला तो नागपूरला. भोसल्यांनी आसरा देण्याऐवजी अटकेत टाकलं. तिथूनही तो 1798 च्या एप्रिलमध्ये पळाला. माळव्यात धारच्या पवारांकडे थोडा टेकला, भिल्ल, पठाण, पेंढारी, बेकार शिलेदार, मिळेल तो माणूस गोळा केला, पठाण सरदार अमीरखान येऊन मिळाला, आणि 1799 च्या सुरुवातीला महेश्वरात त्याने होळकरांची गादी धरली. बंदूक फुटून एक डोळा गेला तरी घोड्यावरची मांड ढिली झाली नाही.

ज्याला घर नाही, वारसा नाही, पेशव्याची मान्यता नाही, त्याने चार वर्षांत हे उभं केलं होतं. 1801 च्या जुलैत उज्जैनला शिंद्यांचे कंपू त्याने मोडले. ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून त्याचा वचपा काढला. एवढ्यावर हे भांडण माळव्यातच राहिलं असतं. पण त्याआधी, 16 एप्रिल 1801 ला, पुण्यात एक गोष्ट होऊन बसली होती. यशवंतरावाचा भाऊ विठोजी दक्षिणेत धुमाकूळ घालताना पकडला गेला आणि बाजीरावाने त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. बाजीराव वाड्यातून पाहत होता, असं सांगतात. बंडखोराला देहान्त देणं त्या काळाच्या रीतीत बसणारं होतं. तो तमाशा करणं, होळकरासारख्या घराण्याच्या मुलाला असा मारणं, हे बसणारं नव्हतं. नाना फडणीस जिवंत असते तर हे झालं नसतं, असं मला वाटतं. पण नाना आदल्या वर्षी, 13 मार्च 1800 ला वारले होते आणि बाजीरावाच्या कानाशी बाळोजी कुंजरासारखे लोक होते.

पुण्याच्या वेशीवर येऊन यशवंतरावाने मागितलं ते असं : खंडेरावाची सुटका, होळकरांच्या दौलतीला मान्यता, शिंद्याच्या जाचातून मोकळीक. पेशवाई बुडवण्याची भाषा त्यात कुठेही नाही. बंडखोराला पेशव्याची सही हवी होती. तलवारीने मिळवलेलं तलवारीने राखता येतं, पण सनद मिळाली नाही तर माणूस जन्मभर पुंडच राहतो, हे त्याला पक्कं कळत होतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास.

तोफा सुरू झाल्या. पहिला गोळा आपल्याकडून जायचा नाही, असा यशवंतरावाचा हुकूम होता, म्हणतात. समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत त्याने हात आवरला, अशी कथा आहे. पंचविसाचा आकडा खरा की खोटा कोण जाणे, पण कथेचा रोख खरा वाटतो. पेशव्यावर आपण होऊन हात उचलला असं कुणी म्हणू नये, ही काळजी त्याला होती.

बळाचा हिशोब होळकराच्या बाजूने होता. विकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या चौदा कवायती पलटणी आणि पंचवीस हजारांच्या आसपास घोडेस्वार. समोर दहा पलटणी आणि दहा हजार घोडं. पण त्या दहांपैकी चार पलटणी कॅप्टन डॉसच्या, म्हणजे शिंद्यांच्या पदरी असताना द बॉइनने घडवलेल्या जुन्या कंपूतल्या. अशी माणसं संख्येने मोजून भागत नाही.

दुपार होता होता.

आणि तसंच झालं. शिंद्यांच्या बाजूने हल्ला येताच होळकरांचं घोडदळ मागे सरकायला लागलं. शिलेदारांचं घोडं हे त्यांचं स्वतःचं भांडवल असतं. ते मेलं तर पोट गेलं. त्यामुळे पराभवाचा वास आला की पहिली पाठ फिरते ती त्यांची. यशवंतराव तेव्हा घोड्यावर चढला आणि पळणाऱ्यांना त्याने जे ऐकवलं त्याचा मतलब असा : ज्याला बायकापोरांकडे जायचं असेल त्याने जावं, मला जायला जागा नाही. यात वक्तृत्व काही नव्हतं, ती शब्दशः वस्तुस्थिती होती. इंदूर जळलेलं, घराणं कैदेत, नागपूरचा आसरा आधीच अनुभवलेला. हरला असता तर त्याच्यासाठीही शनिवारवाड्यासमोर हत्ती तयार होता.

तो थेट तोफांवर गेला. डॉसच्या पलटणी अखेरपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. डॉस मारला गेला, त्याच्याबरोबरचे बहुतेक गोरे अधिकारीही पडले. होळकरांकडचा हार्डिंगही पडला. यशवंतरावाला भाल्याची जखम झाली आणि डोक्यावर तलवारीचा वार बसला. पण तोफा हाती आल्या आणि शिंद्यांची फळी फुटली. पुणं मोकळं झालं.

त्याच दुपारी, पर्वतीच्या बाजूला.

बाजीराव सकाळी लढाई बघायला म्हणून वाड्याबाहेर पडला होता. जिंकणार याबद्दल त्याला शंका नव्हती. तोफांचा आवाज ऐकून तो दक्षिणेला वळला आणि पर्वतीच्या आसपास थांबून बातमीची वाट पाहू लागला. बातमी आली तेव्हा बरोबरच्या सातेक हजार लोकांनिशी त्याने सिंहगडाचा रस्ता धरला.

या माणसाला भित्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि आपल्या बखरकारांनी, नाटककारांनी ते पोटभर केलं आहे. पण बाजीराव मूर्ख नव्हता. गव्हर्नर जनरल वेलस्ली 1798 पासून तैनाती फौज त्याच्या गळ्यात मारायला बघत होता. निजामाने ती घेतली होती, अयोध्येच्या नवाबाने 1801 मध्ये निम्मं राज्य तिच्यापायी दिलं होतं, आणि टिपूचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं होतं. बाजीरावाने चार वर्षं गोड बोलून, मुदती मागून, अटी घालून वेलस्लीला झुलवत ठेवलं. फौज ईस्ट इंडिया कंपनीच्याच हद्दीत राहावी, आम्ही बोलावली की यावी, मोबदला हिंदुस्थानातल्या मुलखातून घ्यावा, असली त्याची उत्तरं असत. म्हणजे ज्या मुलखावर आपला हात पोचत नाही तो देऊ करायचा. ही चतुराई होती. आणि ती एका दुपारी संपली.

त्याच दिवशी, इंग्रज रेसिडेंटाच्या हाती.

इथे घड्याळ थांबवून नीट बघायला हवं. मुळा-मुठेच्या संगमावर कंपनीचा रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज राहत होता. पुणं सोडण्यापूर्वी पेशव्याच्या कारभाऱ्याकरवी त्याच्या हाती एक कबुलीचा कागद पडला. मजकूर थोडका होता : कंपनीच्या सहा पलटणी पेशवा पदरी ठेवील आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला पंचवीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देईल.

होळकर अजून शहरात शिरलेला नाही. पेशवा अजून सिंहगडावर पोचलेला नाही. शिंद्याला पराभवाची बातमी कळायला अजून कित्येक दिवस लागणार आहेत. आणि वसईच्या तहाची दोन मुख्य कलमं लिहून झाली आहेत. नंतर पंचवीसचे सव्वीस झाले, एवढाच काय तो फरक.

मला या सगळ्या घटनाक्रमात हा क्षण सर्वांत जास्त खटकतो. माणूस घाबरला की पळतो, ते समजू शकतं. पण बाजीराव पळण्याआधी दस्तऐवज करून गेला. होळकराशी बोलून बघायचं, निदान दौलतरावाच्या फौजेची वाट बघायची, साताऱ्याला छत्रपतींकडे जायचं, पटवर्धनांना हाक घालायची, यातलं काहीही करायच्या आधी.

मंगळवार, 26 ऑक्टोबर आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस. तहाला 66 दिवस.

यशवंतरावाने शहराच्या वाटांवर पहारे बसवले आणि लुटीला मनाई केली. संगमावर कंपनीचं निशाण फडकत होतं; तिकडे कुणी फिरकलं नाही. उलट यशवंतरावाने क्लोजला भेटायला बोलावलं. क्लोज गेला तर जिंकलेला सेनापती घोटाभर चिखलात उभारलेल्या एका लहानशा तंबूत पडलेला. जखमा ताज्या, तरी बोलणं मोकळं, हसतमुख. त्याची विनंती एकच : कंपनीने मध्यस्थी करावी, पेशव्याला परत आणावं, शिंद्याशी माझा वाद मिटवून द्यावा.

म्हणजे एका कागदाची गोष्ट पोटात ठेवून क्लोज दुसरी विनंती ऐकत होता. पळालेला पेशवा आणि जिंकलेला बंडखोर, दोघेही एकाच दारात उभे. कंपनीला पुण्यात एक गोळीही झाडावी लागली नव्हती.

सिंहगडावर यशवंतरावाने अन्नधान्य पाठवलं, परत यावं म्हणून माणसं पाठवली, असं सांगतात. बाजीरावाच्या डोळ्यांसमोर मात्र विठोजी असणार. आपण ज्याच्या भावाला हत्तीच्या पायी दिलं त्याच्या शब्दावर वाड्यात परत जायचं, हे कुणालाच सोपं नव्हतं. खरं सांगायचं तर वसईची वाट विठोजीच्या रक्तावरून जाते.

27 ऑक्टोबर. तहाला 65 दिवस.

बाजीराव, धाकटा भाऊ चिमणाजी, बाळोजी कुंजर आणि बरोबरची माणसं सिंहगड सोडून कोकणात उतरली. रायगड, मग महाडजवळ बिरवाडी.

नोव्हेंबर.

महिनाभर दोन ठिकाणी दोन घड्याळं चालत होती.

पुण्यात यशवंतराव अडकला. पेशवा येईना. मग पर्याय म्हणून जुन्नराहून अमृतराव आला. बाजीरावाचे वडील राघोबादादा यांनी बाजीरावाच्या जन्मापूर्वी दत्तक घेतलेला मुलगा, कारभाराचा हुशार. त्याचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवायचं आणि साताऱ्याहून वस्त्रं आणायची अशी खटपट सुरू झाली. ही चूक होती. तोवर यशवंतराव पेशव्याशी भांडणारा सरदार होता, आता तो पेशवा बदलणारा झाला, आणि बाजीरावाच्या भीतीला नाव मिळालं. त्यात फौजेचे पगार तुंबलेले. पहिल्या दिवशी राखलेल्या शहरातून मग वर्गण्या उकळल्या जाऊ लागल्या, सावकारांच्या घरांची तळघरं उकरली गेली, माणसांना मारझोड झाली. पुण्याच्या आठवणीत होळकर लुटारू म्हणून राहिला तो या आठवड्यांमुळे, आणि ती आठवण खोटी नाही. यशवंतरावाचं गुणगान करणाऱ्यांनी हा महिना गाळू नये.

क्लोजला त्याने पुण्यात ठेवून घेण्याची शिकस्त केली. इंग्रज वकील संगमावर आहे, म्हणजे पुण्यातल्या कारभाराला मान्यता आहे, असा त्यातून अर्थ निघाला असता. क्लोजलाही ते कळत होतं. महिनाअखेर तो निघाला आणि डिसेंबरच्या आरंभी मुंबईत पोचला.

इकडे महाडहून बाजीरावाचे खलिते मुंबईकर इंग्रजांकडे चालले होते : गलबतं पाठवा. होळकरांची माणसं घाट उतरल्याची बातमी आली तेव्हा बाजीराव हर्णैच्या सुवर्णदुर्गात गेला. शिवाजी महाराजांच्या नावाशी जोडलेल्या तीन गडांवरून, सिंहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पेशवा एका महिन्यात पाहुण्यासारखा गेला आणि एकाही तटाच्या आड उभा राहून लढावं असं त्याला वाटलं नाही.

डिसेंबर. तहाला तीन-चार आठवडे.

कंपनीच्या जहाजातून पेशवा वसईला उतरला. वसई त्याचीच होती, कोकणचा सरसुभा खंडेराव रास्त्याकडे होता. म्हणजे कागदोपत्री बाजीराव स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या किल्ल्यावर, स्वतःच्या सुभेदाराकडे मुक्कामाला आला होता. पण आणलं कुणी, आणि खाडीपलीकडे साष्टीत कोण बसलं होतं, हे बघितलं की ‘स्वतःच्या’ या शब्दात फार काही उरत नाही. साष्टी 1774 च्या अखेरीपासून इंग्रजांकडे. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन गलबताने काही तासांच्या अंतरावर.

वसईला कागदांची सवय जुनी. 23 डिसेंबर 1534 ला गुजरातच्या बहादुरशाहाने मोगलांच्या भीतीने ही वसई पोर्तुगिजांना लिहून दिली, तीही वसईच्या बंदरात उभ्या असलेल्या फिरंगी जहाजावर. घरच्या शत्रूची धास्ती आणि दर्यावरच्या मित्राचा आधार, हा सौदा वसईने तेव्हाच पाहिला होता. मग 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो मोडून काढला. आणि 6 मार्च 1775 ला सुरतेला राघोबादादांनी पेशवाईच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. बाजीराव तेव्हा दोन महिन्यांचा, धारच्या किल्ल्यात. बापाने वसई देऊ केली आणि लेकाने वसईत बसून बाकीचं दिलं, असा हा हिशोब आहे. मधे 1780 च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वेढा घालून वसई घेतलीही होती. महादजी शिंदे आणि नाना फडणिसांनी सालबाईच्या तहात, 1782 मध्ये, ती परत मिळवली. जुन्या माणसांनी इतक्या कष्टाने सोडवून आणलेल्या जागी नव्या पेशव्याने मुक्काम ठोकला होता.

क्लोज वसईला आला. बोलणी सुरू झाली.

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा.

या दिवसांत बाजीराव घासाघीस करत होता. त्याच्या स्वभावात ते होतंच. पण आता त्याच्या हातात काय होतं? पुणं होळकराकडे. गादीसाठी अमृतरावाचा मुलगा तयार. आपण नाही म्हटलं तर कंपनी उद्या अमृतरावाशीच बोलणी लावील, ही धास्ती रोजची. पूर्वीचा पत्ता, फौज तुमच्याच हद्दीत ठेवा, तो आता चालणारा नव्हता. परत पुण्याला न्यायचं तर ती फौजच नेणार होती.

आणि शिंदे? ज्याच्यासाठी हे सगळं ओढवलं तो दौलतराव अजून उत्तरेतच. बावीस-तेवीस वर्षांचा हा मुलगा पुण्यात असता तर इंग्रजांना वसईत बोलणी करता आली नसती, कारण त्याने बाजीरावाला कोकणात उतरूच दिलं नसतं. तो मित्र म्हणून चांगला नव्हता, पण अडसर म्हणून भक्कम होता.

सगळे तरुण आहेत, हेही लक्षात येतं. बाजीराव सत्तावीस वर्षांचा, यशवंतराव सव्वीसचा, दौलतराव त्याहून लहान. पानिपत पाहिलेली, सालबाईचा तह घडवलेली पिढी दहा वर्षांत आटोपली होती. टेबलाच्या पलीकडे मात्र टिपूच्या लढाईत आणि म्हैसूरच्या दरबारात मुरलेला क्लोज बसलेला.

शुक्रवार, 31 डिसेंबर 1802. तह.

पौषाचा शुद्ध पक्ष. एकोणीस कलमं.

कंपनीची कायमची फौज, सहा हजारांहून कमी नाही इतकं पायदळ आणि त्याबरोबर तोफखाना, पेशव्याच्या मुलखात राहील. तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख, गुजरातेतला आणि दक्षिणेतला, कंपनीला तोडून दिला. सुरतेवरचा हक्क सोडला. निजामाशी आणि गायकवाडांशी असलेल्या दाव्यांचा निकाल कंपनी देईल. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपी लोक पेशवा चाकरीला ठेवणार नाही. आणि इतर कोणत्याही सत्तेशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणं लावणार नाही.

यातलं शेवटचं कलम वाचून पुन्हा वाचावं. पेशवा म्हणजे छत्रपतींच्या नावाने शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांच्या वतीने बोलणारा. ज्याचं सगळं कामच बोलणी करणं, त्याने बोलण्याचाच अधिकार देऊन टाकला. मुलूख परत घेता येतो, 1782 ला घेतलाच होता. हे परत घेता येणारं नव्हतं. गायकवाडांवरचा निवाडाही गेला, म्हणजे मराठा मंडळाचा एक खांब त्याच दिवशी सुटला.

शिंद्याला विचारलं नव्हतं. भोसल्याला विचारलं नव्हतं. साताऱ्याच्या छत्रपतींना तर कुणी विचारत नसेच. आणि ज्याच्या धाकाने हे झालं त्या यशवंतरावाची मागणी, खंडेरावाची सुटका आणि होळकरांच्या दौलतीला मान्यता, तिचा तहात मागमूस नव्हता. बंडखोर सही मागायला आला होता. सही झाली, ती दुसऱ्याला मिळाली.

बाजीराव मात्र शाई वाळायच्या आत पुन्हा आपल्या मूळ पदावर आला. वसईतूनच त्याचे निरोप दौलतरावाकडे आणि रघूजी भोसल्याकडे जाऊ लागले : तह नाइलाजाने केला, तुम्ही फौजा घेऊन या. चार वर्षं वेलस्लीला झुलवणारा माणूस आता दोन्हीकडे झुलवू पाहत होता. एवढंच, की आता दोरी त्याच्या हातात नव्हती.

पुढे.

20 एप्रिल 1803 ला आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, बत्तीस तासांत साठ मैलांची दौड करून पुण्यात घुसला. अमृतराव शहर जाळणार अशी आवई होती. यशवंतराव त्याआधीच पुणं सोडून गेला होता. वसईहून इंग्रजी पहाऱ्यात निघालेला बाजीराव 13 मे रोजी गादीवर बसला. त्याच सप्टेंबरात आसई, नोव्हेंबरात लासवाडी आणि अडगाव, डिसेंबरात गाविलगड. वर्ष संपायच्या आत भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला सह्या केल्या.

या लढाईत यशवंतराव उतरला नाही. शिंदे आणि भोसल्यांनी बोलावलं होतं. तो माळव्यात बसून राहिला. मल्हाररावाचा खून, इंदूरची राख, नागपूरची कोठडी, त्याच्याकडे कारणांची कमी नव्हती. तरी हडपसरची दुपार त्याच्या नावे जमा धरायची तर 1803 चं हे बसून राहणंही त्याच्याच खात्यावर पडतं. आणि मग 1804 च्या एप्रिलमध्ये, सगळे हरून झाल्यावर, तो एकटा उभा राहिला. कंपनीशी लढायला नकार देणाऱ्या आपल्याच गोऱ्या अधिकाऱ्यांची डोकी त्याने उडवली. त्यात हडपसरला त्याच्या पलटणी चालवणारा विकर्सही होता. कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत भर पावसात पिटाळलं. दिल्लीला वेढा दिला, फर्रुखाबादला मार खाल्ला, भरतपूरच्या जाटाबरोबर लॉर्ड लेकला चार हल्ल्यांत दाद दिली नाही. मग शिखांची मदत मिळते का बघायला सतलज ओलांडून पंजाबात शिरला. रणजितसिंगाने हात आखडले. जाईल तिथे, राजपूत असो, जाट असो, शीख असो की नागपूरकर, त्याचं एकच मागणं : एकत्र या. चार वर्षांपूर्वी ज्याला कुणी होळकरांचा वारस मानत नव्हतं तो आता सगळ्यांच्या वतीने बोलत होता. जे काम पेशव्याने वसईत लिहून दिलं होतं ते हा माणूस घोड्यावरून करत फिरत होता, उशिरा आणि बिनसनदी.

24 डिसेंबर 1805 ला बियास नदीच्या काठी, राजघाटाला, त्यालाही सही करावी लागली. चंबळेच्या उत्तरेकडचे हक्क गेले. कंपनीच्या परवानगीशिवाय युरोपी माणूस चाकरीला ठेवायचा नाही, हेही आलं. पण तैनाती फौजेचं कलम त्या कागदात नव्हतं. 28 ऑक्टोबर 1811 ला भानपुऱ्याला तो वारला तेव्हाही होळकरांच्या मुलखात कंपनीची छावणी नव्हती. ती आली 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने, महिदपूरला पराभव झाल्यावर, त्याचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना. पुण्याच्या उशाशी ती 1803 पासूनच होती. आणि वसई, जी वसईच्या तहात बाजीरावाने राखून ठेवली होती, ती 1817 च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने गेली, उत्तर कोकणासकट.